विकून उरलेलें कीं खाऊन उरलेलें ?

तांबडें फुटण्यापूर्वीं गोठ्यांत धार काढली जाते, आणि उन्हें वर येण्याच्या आंत तें दूध किटलींतून संघाच्या केंद्रावर पोंचलेलें असतें; घरांत मागें राहतें तें चहापुरतें. साळ मळून होते, ती गिरणींत जाते, तिचा पांढरा शुभ्र तांदूळ होऊन घरीं येतो, आणि कोंडा गिरणींतच राहतो. तूर, हरभरा, भुईमूग यांचीं पोतीं खळ्यावरून थेट बाजाराच्या आवारांत उतरतात. आणि पुढें वर्षभर त्याच घरची बाई तीच डाळ दुकानांतून किलो-किलोनें विकत आणते. हा क्रम आमच्या इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटत नाहीं. आम्हांस मात्र तसें वाटतें. आणि तें कां वाटतें, हें वाचकांपुढें मांडण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : शेतकऱ्यानें विकून उरलेलें खाऊं नये, खाऊन उरलेलें विकावें. ही गोष्ट घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची वाटेल, परंतु तिला आधार आहे तो गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत सिद्ध झालेल्या आहारशास्त्राचा, आणि विशेषेंकरून त्या शास्त्रानें ‘बी’ ह्या नांवाखालीं ओळखलेल्या जीवनसत्त्वांचा.

हें ‘बी’ एक नसून आठ आहेत. बी-एक, बी-दोन, बी-तीन, बी-पांच, बी-सहा, बी-सात, बी-नऊ आणि बी-बारा अशीं त्यांचीं नांवें आहेत. त्यांपैकीं बी-एकला थायामिन, बी-तीनला नायासिन व बी-नऊला फोलिक ॲसिड किंवा फोलेट असेंही म्हणतात. हीं सर्व पाण्यांत विरघळणारीं आहेत. खाल्लेल्या अन्नापासून शरीरास शक्ति मिळणें, रक्त तयार होणें आणि मज्जातंतु शाबूत राहणें, हीं कामें त्यांच्यावांचून चालत नाहींत. पेटीमध्यें कोळसा पुष्कळ असला तरी काडी ओढल्यावांचून चूल पेटत नाहीं. भाकरी आणि भात हा कोळसा होय, आणि ह्या जीवनसत्त्वांचें काम काडीचें आहे. एक बी-बारा सोडल्यास यांचा मोठा सांठा शरीरांत होत नाहीं. म्हणून सणासुदीला भरपूर खाल्लें आणि एरव्हीं कसेंबसें भागविलें, ही रीति येथें उपयोगी पडत नाहीं. तीं रोजच्या ताटांतच असावीं लागतात.

प्रथम तांदळाचीच गोष्ट घेऊं. १८८३ सालीं जपानच्या आरमाराचें एक जहाज नऊ महिन्यांच्या सफरीवरून परत आलें. त्यावरील ३७६ इसमांपैकीं १६९ जणांस बेरीबेरी हा रोग झाला होता, व २५ जण मरण पावले होते. ह्या रोगांत पाय जड होतात, सुजतात, त्यांतील शक्ति जाते, आणि शेवटीं हृदय बंद पडतें. ताकाकी नांवाच्या आरमारी डॉक्टरनें पुढील वर्षीं दुसरें जहाज त्याच मार्गानें पाठविलें. मात्र खलाश्यांच्या पांढऱ्या भातांत कपात करून त्यांस जव, मांस, दूध व कडधान्यें दिलीं. ह्या वेळीं एकही माणूस दगावला नाहीं. ताकाकीनें लाविलेलें कारण चुकीचें होतें, पण उपाय अचूक होता. खरें कारण जावा बेटांत कळलें. तेथें आयकमन नांवाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्यांचे पाय, सडीक तांदूळ खातां खातां, बेरीबेरीच्या रोग्यांसारखेच लुळे पडले. आणि त्यांस असडीक तांदूळ अथवा कोंडा देतांच त्या पुन्हां चालूं लागल्या. ह्या कामाबद्दल १९२९ सालीं आयकमन यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोंड्यांतील तें द्रव्य म्हणजेच बी-एक. जावामध्येंच १९२६ सालीं त्याचे स्फटिक वेगळे काढण्यांत आले.

ह्यावरून आमच्या वाचकांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं तांदळाच्या दाण्यांतील बी-एकचा बहुतेक भाग वरच्या तांबूस पापुद्र्यांत आणि टोंकाच्या अंकुरांत असतो. गिरणी हेंच दोन भाग घासून काढते. असडीक तांदळाच्या मानानें पांढऱ्या तांदळांत बी-एकचा चौथा हिस्साही क्वचितच उरतो. त्यांतूनही तांदूळ चार पाण्यांनीं खळखळून धुतला आणि वरची पेज ओतून दिली, म्हणजे राहिलेलें सत्त्वही मोरींत जातें. कोंडा मात्र फुकट जात नाहीं. तो तेलाच्या कारखान्यास आणि पेंडीच्या रूपानें गाईम्हशींस जातो. गाईम्हशींस खुराक मिळावा हें योग्यच आहे. परंतु गोठ्यांत सत्त्व आणि ताटांत फोल, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणतां येईल काय?

कोंकणांतील उकड्या तांदळाची रीति ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. साळ आधीं भिजवून उकडली व मग वाळवून भरडली, म्हणजे पापुद्र्यांतील बी-एकचा बराच भाग पाण्याबरोबर दाण्याच्या आंत मुरतो, आणि नंतर कोंडा काढला तरी तो तांदळांतच राहतो. मद्रास इलाख्याच्या उत्तर भागांत, आंध्र किनाऱ्यावर, गिरणीचा कच्चा पांढरा तांदूळ खाणाऱ्या लोकांत बेरीबेरी पुष्कळ होई, आणि उकडा तांदूळ खाणारा प्रदेश तिच्यापासून बहुतांशीं मुक्त राहिला, असें कुन्नूर येथील संशोधकांस आढळून आलें होतें. ज्या उकड्या तांदळास शहरांतील लोक ‘गरिबांचा भात’ म्हणून नाक मुरडीत, तोच अधिक गुणाचा ठरला.

आमचे देशावरील वाचक म्हणतील, कीं आम्ही ज्वारी-बाजरी खाणारे. जात्यांत कोंडा फेकला जात नाहीं, तेव्हां आम्हांस ही भीति नाहीं. बेरीबेरीपुरतें हें खरें आहे. परंतु केवळ धान्य चांगलें असून भागत नाहीं, हें दाखविणारी दुसरी हकीकत अमेरिकेच्या दक्षिण भागांतील आहे, आणि ती कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचीच असल्यामुळें आम्हांस फार जवळची वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या भागांत पेलाग्रा नांवाचा रोग हजारों माणसांस झाला. उन्हांत उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, हगवण लागते, आणि रोगी अखेर भ्रमिष्ट होतो. लोकांस वाटे कीं हा सांथीचा रोग आहे. सरकारनें १९१४ सालीं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांची त्या कामीं नेमणूक केली. त्यांनीं पाहिलें, कीं अनाथालयांत व वेड्यांच्या इस्पितळांत रोग होतो तो आश्रितांस. त्यांच्या शेजारीं वावरणाऱ्या नोकरांस होत नाहीं. सांथ असती तर तिनें असा भेद केला नसता. दूध, अंडीं व घेवड्यासारखीं कडधान्यें जेवणांत वाढवितांच अनाथालयांतील रोग नाहींसा झाला. उलट, १९१५ सालीं मिसिसिपी संस्थानच्या तुरुंगाच्या शेतावर अकरा निरोगी कैद्यांस मुख्यतः मक्याचें अन्न देऊन पाहिलें, तेव्हां त्यांपैकीं सहा जणांस पेलाग्रा झाला. पुढें १९३७ सालीं कळलें, कीं त्यांस उणें पडलेलें द्रव्य नायासिन, म्हणजे बी-तीन, होतें.

पण रोगाचें खरें मूळ बी-तीनच्याही पलीकडे होतें. त्या भागांतील कुळें सावकाराच्या व जमीनदाराच्या पेंचांत सांपडलेलीं असत. पैसा कापसाचा, म्हणून घराच्या उंबरठ्यापर्यंत कापूस लावलेला असे. भाजीच्या वाफ्यास जागा नाहीं, गाईस चारा नाहीं. कापसाचा भाव पडला कीं घरांत मका, गुळाची काकवी आणि खारट चरबी एवढेंच उरे, आणि पुढच्या वसंतांत पेलाग्रा वाढे. गोल्डबर्गर यांनीं रोग्यांची नाडी पाहिली, तशी कापसाच्या बाजाराचीही पाहिली. सगळें शेत विकण्याच्या पिकाखालीं आणि सगळें ताट दुकानावर अवलंबून, अशा शेतकऱ्याची अवस्था काय होते, हें त्यांनीं दाखविलें. विदर्भाचा कापूस, पश्चिम महाराष्ट्राचा ऊंस आणि नाशिकचा कांदा पिकविणाऱ्या आमच्या बांधवांनीं ही हकीकत परकी समजूं नये.

ज्वारीच्या बाबतींतही दख्खनच्या पठारावर असाच अनुभव आला. हैद्राबादच्या आसपास, जेथें गरिबांच्या पोटांत ज्वारीवांचून दुसरें फारसें कांहीं जात नसे, तेथें पेलाग्राचे रोगी आढळत, आणि डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याविषयीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. यांत दोष ज्वारीचा नाहीं, एकटेपणाचा आहे. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक असलें, म्हणजे शरीरास बी-तीन मिळतें, शिवाय दुधा-डाळींतील प्रथिनांच्या एका घटकापासून शरीर स्वतःही तें तयार करितें. कोरडी भाकरी आणि मिरची एवढ्यावर दिवस काढणाऱ्या मजुरास तें मिळत नाहीं. आपल्या शेतावर राबणाऱ्या माणसाच्या भाकरींत काय बांधलेलें असतें, हें कोणत्याही जमीनधारकानें एकदां तरी उघडून पाहावें.

आतां आम्ही ह्या विषयाच्या आमच्या सर्वांत निकटच्या भागाकडे वळतों, तो म्हणजे आमच्या घरांतील स्त्रिया. १९२८ सालीं लूसी विल्स ह्या इंग्लिश विदुषी मुंबईस आल्या. गिरणींत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांस गरोदरपणांत एक जीवघेणा पांडुरोग होई. त्याचा शोध करणें हें त्यांचें काम होतें. यीस्टच्या अर्कानें तो रोग बरा होतो, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून मिळालें, आणि पानावरूनच त्यास फोलिक ॲसिड हें नांव पडलें. आमच्या परसांतील मेथी, पालक, चवळी, शेवगा यांचें मोल काय आहे, तें यावरून समजावें. गर्भाचा मेंदू व कणा ज्यापासून होतो ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटत असते, आणि त्या वेळीं फोलिक ॲसिड कमी पडल्यास ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. पुष्कळ स्त्रियांस त्या वेळीं आपणांस दिवस गेले आहेत हेंही ठाऊक नसतें. म्हणजे पालेभाजी ही डोहाळेजेवणापासून सुरू करण्याची वस्तु नव्हे.

आणि याहूनही अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुणें जिल्ह्यांतील आहे. १९९३ सालीं पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळील सहा गांवांत सुमारें ८०० गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. २००१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें, कीं ज्या स्त्रियांच्या आहारांत दूध, पालेभाज्या व फळें अधिक वेळां होतीं, त्यांचीं मुलें जन्मतः अधिक भरलेलीं होतीं. पुढें रक्ततपासणींत आढळलें, कीं ह्या मातांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश मातांस बी-बारा कमी पडत होतें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असेंही दिसून आलें, कीं ज्या मातांच्या रक्तांत फोलेट भरपूर पण बी-बारा कमी होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षींच मधुमेहाकडे नेणारीं लक्षणें अधिक होतीं. एकाच अभ्यासावरून कारण सिद्ध झालें असें कोणी म्हणूं नये. पण ज्या गांवांतून शहराला दूध जातें, त्या गांवांतील मातांच्या रक्तांत दुधापासून मिळणारें जीवनसत्त्व कमी असावें, हें वाचून आम्ही तरी अस्वस्थ झालों.

कारण बी-बारा हें वनस्पतींत होत नाहीं. तें सूक्ष्म जंतु तयार करितात, आणि आपणांस तें मांस, मासे, अंडीं व दूध यांतूनच मिळतें. माळकरी व अन्य शाकाहारी घरांस तर दूध हाच मुख्य आधार. प्रौढ माणसास तें रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दोन-अडीच दशलक्षांश भागाएवढें, लागतें, आणि पाव लिटर दुधांत सुमारें एक मायक्रोग्रॅम असतें. चहांत पडणाऱ्या चमचाभर दुधानें हा हिशेब पुरा होणार नाहीं. शाकाहारी तरुणांस रोज पुरेसें दूध दिल्यास त्यांच्या रक्तांतील बी-बारा वाढतें, हेंही पुण्यांतच झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें आहे. बी-बारा यकृतांत कांहीं वर्षें पुरेल इतकें सांठतें, म्हणून उणीव चटकन् कळत नाहीं. हातापायांस मुंग्या येणें, जिभेची आग, दम लागणें, विसर पडणें हीं चिन्हें दिसूं लागलीं, म्हणजे खातें बरेच दिवसांपूर्वीं रिकामें झालेलें असतें.

यावर तीन आक्षेप येतील, त्यांचा विचार करणें अवश्य आहे.

पहिला पैशाचा. दुधाच्या पगारावर मुलांची फी, दुकानाची उधारी आणि बँकेचा हप्ता अवलंबून असतो, हें आम्ही जाणतों. परंतु हिशेब करून पाहावा. दहा लिटर दूध घालणाऱ्या पांच माणसांच्या घरानें माणशीं पाव लिटर, आणि सून गरोदर असल्यास किंवा अंगावर पाजीत असल्यास तिला अर्धा लिटर ठेवलें, तर दीड लिटर होतें. दहांतील साडेआठ लिटर विकलें जातेंच. लोणी काढावयाचें असेल तर खुशाल काढावें. ही जीवनसत्त्वें तुपांत जात नाहींत, बराचसा भाग ताकांतच राहतो. बैलाच्या वैरणींत कपात करून नांगरट साधतां येत नाहीं, हें ज्यास समजतें, त्यास हेंही समजावें. तशीच तुरीची एक-दोन पोतीं घरासाठीं आधीं बाजूस काढणें हा तोटा नव्हे. विकून पुन्हां विकत घेण्यांत जी हमाली, अडत आणि दुकानदाराचा नफा जातो, तो वांचतो.

दुसरा आक्षेप गोळीचा. पुष्कळ लोक म्हणतात, इतका खटाटोप कशाला, एक लाल सुई टोंचून घेतली कीं झालें ! ज्यास खरोखरी उणीव आहे, त्यास डॉक्टरच्या सल्ल्यानें गोळी किंवा सुई अवश्य घ्यावी लागते. गरोदर स्त्रीस मिळणाऱ्या गोळ्या तर कधींच टाकूं नयेत. आमची तक्रार आहे ती थकवा आला कीं तपासणीवांचून ‘ताकदीची सुई’ मागण्याच्या संवयीविषयीं. बी-बारा उणें असतांना नुसतें फोलिक ॲसिड भरपूर घेतल्यास रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंचा बिघाड आंतल्या आंत वाढत राहतो. आणि ज्या ताटामुळें उणीव झाली तें ताट तसेंच राहिलें, तर सुईचा गुण किती दिवस टिकणार ?

तिसरा आक्षेप असा, कीं हें काम सरकारनें अंगावर घेतलें होतेंच. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा झाली. साध्या शंभर दाण्यांमागें एक तयार केलेला दाणा मिसळण्याची ती रीति होती, आणि त्या दाण्यांत लोह, फोलिक ॲसिड व बी-बारा घालणें सक्तीचें ठरलें. हेतु चांगला होता. पण गिरणीनें घासून काढलेलें बी-एक परत घालणें त्यांत सक्तीचें नव्हतें, हें लक्षांत घ्यावें. ज्यास जमीन नाहीं, त्यास अशा योजनेचा आधार मिळाला तर त्यांत आनंदच आहे. परंतु ज्याच्या स्वतःच्या शेतांत साळ, डाळ आणि भाजी, व गोठ्यांत दुभतें आहे, त्यानें आपल्या ताटाची सोय दुसऱ्यावर सोंपवावी, हें त्यास शोभत नाहीं.

म्हणून आमच्या सभासदांस आमची विनंति अशी आहे. हंगाम येण्यापूर्वींच घरांतील माणसें मोजून वर्षाचें धान्य, डाळ व शेंगा यांचा घरवांटा ठरवावा, आणि तो खळ्यावरच वेगळा काढावा. भाताच्या मुलखांतील सोसायट्यांनीं आपल्या गिरणींत फक्त तूस काढणारें यंत्र बसवून, घरच्या तांदळास पुन्हां घासणी न देण्याची सोय करावी. असडीक तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून तो लागेल तसा महिन्या-दोन महिन्यांपुरताच भरडावा. ज्यांस असडीक भात आवडत नाहीं, त्यांनीं उकडा खावा, आणि निदान पेज तरी ओतूं नये. विहिरीच्या पाटाशेजारीं एक वाफा पालेभाजीचा असावा. आणि धार काढल्यावर, किटली भरण्यापूर्वीं, घरचें दूध आधीं मोजून चुलीजवळ ठेवावें.

शेवटची सूचना अंमलांत आणणें सर्वांत सोपें दिसतें, पण तीच सर्वांत अवघड आहे. घरांत ठेवलेलें दूधही आधीं सासऱ्याच्या, मग मुलग्याच्या, मग नातवाच्या पेल्यांत जातें, आणि जी पहांटे उठून धार काढते व शेणघाण करते, ती सर्वांच्या मागून जेवावयास बसते, तेव्हां पातेल्यांत कांहीं उरलेलें नसतें. विकून उरलेलें खाणें ही जशी चूक, तशीच सर्वांनीं खाऊन उरलेलें तिला देणें हीही चूकच आहे. पुढच्या पिढीचें बियाणें जिच्या उदरांत वाढतें, तिचा वांटा आधीं काढावा. चांगलें बीं पेरल्यावांचून चांगलें पीक येत नाहीं, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं.